मांडुळाचें अजीर्ण

पशुपालनासंबंधीं ह्या मासिकाकडे ज्या पृच्छा येतात त्यांत गाईचें पोट फुगणें, वासराची हगवण, शेळीचें खाणें सुटणें हे विषय नेहमींचेच असतात, व त्यांस उत्तरें देणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. परंतु आपलें व गांवाचें नांव न कळवितां एका शेतकरी बंधूंनीं नुकतीच जी पृच्छा केली आहे ती अगदींच निराळी आहे. उसाच्या पाचटाखालीं सांपडलेलें एक मांडूळ त्यांनीं प्लास्टिकच्या पिंपांत माती घालून ठेविलें आहे. वीस दिवस झाले तरी तें कांहीं खात नाहीं. प्रथम वाटींत दूध ठेविलें, मग अंडें फोडून ठेविलें. दोहोंसहि त्यानें तोंड लाविलें नाहीं. शेवटीं दोघांनीं धरून चिमट्यानें जबडा उघडला व कोंबडीचें पिलूं आंत लोटलें. तें तिसऱ्या दिवशीं जसेंच्या तसें, परंतु कुजून, बाहेर पडलें. 'यास पाचक औषध कोणतें द्यावें, व वजन लवकर वाढण्यास काय चारावें?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर खासगी रीतीनें न देतां आम्ही येथें देत आहों. कारण वजन वाढविण्याची ही घाई एकट्या त्यांचीच नाहीं हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. उत्तर थोडक्यांत असें कीं, असें औषध नाहीं. त्या जनावराचें दुखणें तें पिंपांत आहे हेंच होय. आणि ज्या गिऱ्हाइकासाठीं तें पिंपांत ठेविलें आहे तें गिऱ्हाईक कधींहि येणार नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी अंमळ विस्तारानें सांगितल्या पाहिजेत.

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. नवें घेतलेलें जनावर पहिले दोन-चार दिवस वैरणीवर मन लावीत नाहीं. गाडींतला प्रवास, परकी दावण, परकें पाणी आणि ओळखीचा हाक मारणारा कोणी नाहीं, यामुळें तें नुसतें उभें राहतें. जाणता शेतकरी अशा वेळीं घाई करीत नाहीं. पूर्वीचा धनी काय चारीत होता तें त्यानें बाजारांतच विचारून घेतलेलें असतें. तोच कडबा, तेंच भूस तो प्रथम टाकतो, आणि पेंड-सरकीवर हळूहळू आणतो. कौतुकानें पहिल्याच दिवशीं पाटीभर धान्य पुढें ठेवणाऱ्याचें जनावर रात्रीं रवंथ सोडून, पोट फुगून बसतें, हेंहि आमच्या वाचकांनीं पाहिलें असेल. आतां विचार करावा. जो बैल हजारों वर्षें माणसाच्या दावणीस बांधला गेला, त्याची जर नव्या गोठ्यांत ही गत होते, तर ज्याच्या कुळांत कोणी दावण पाहिली नाहीं अशा सापानें चार हात खोल पिंपांत पडल्यावर काय करावें?

मांडूळ हा बिनविषारी साप आहे. लांबी बहुधा दोन-अडीच फूट. मादी नरापेक्षां मोठी असते, व ती अंडीं न घालतां जिवंत पिलें देते. शेपूट आंखूड, बोथट व डोक्यासारखेंच दिसणारें. म्हणून लोक त्यास दुतोंड्या म्हणतात. शत्रु आला कीं डोकें वेटोळ्याखालीं लपवून शेपूट पुढें करावयाचें, म्हणजे घाव बसलाच तर शेपटीवर बसतो, अशी त्याची युक्ति आहे. सहा महिने ह्या तोंडानें व सहा महिने त्या तोंडानें खातें ही समजूत निव्वळ खोटी. तोंड एकच आहे, आणि आमचे बंधु ज्यांत पिलूं कोंबीत होते तें तेंच.

हें जनावर भुसभुशीत कोरड्या मातींत व उंदरांच्या बिळांत राहतें. मातींतून डोकें जेमतेम वर ठेवून तें दबा धरून बसतें; उंदीर आटोक्यांत आला कीं झडप घालून त्यास वेटोळ्यांत आवळतें व अख्खा गिळतें. चावणें नाहीं, रवंथ नाहीं. दांत आहेत ते धरण्यापुरते. पुढचें सर्व काम पोटाचें, आणि येथेंच गाई-म्हशींच्या अनुभवावरून सापाचें अनुमान करणारा मनुष्य फसतो. गाईच्या अंगांत स्वतःची ऊब असते. पौषांतल्या पहांटेसहि तिचें पोट चालूं असतें. सापाच्या अंगांत ती ऊब नाहीं. त्याची चूल बाहेर आहे. ती म्हणजे ऊन आणि उन्हानें तापलेली जमीन. सुमारें २८ ते ३२ अंश उष्णता मिळाली तर उंदराचीं हाडेंसुद्धां त्याच्या पोटांत विरघळतात, केस-नखें तेवढीं विष्ठेंतून बाहेर पडतात. परंतु आमच्या जिल्ह्यांत थंडीच्या दिवसांत रात्रींचा पारा १०-१२ अंशांवर उतरतो तेव्हां पाचक रसांचें काम जवळजवळ थांबतें. पोटांतलें मांस मात्र थांबत नाहीं. तें कुजूं लागतें. कुजलेलें भक्ष्य आंत राहिल्यास जिवावर बेतेल म्हणून साप तें उलटून टाकतो. पाचक चूर्ण देऊन ही उलटी थांबविणें म्हणजे कुजलेलें मढें घरांत ठेवून दार लावून घेण्यासारखें आहे.

रानांतलें मांडूळ ह्यावर तोड जाणतें. ऊब हवी असेल तेव्हां तें मातीच्या वरच्या तापलेल्या थरांत येतें, ताप अधिक झाला कीं हातभर खालीं जातें. पिंपांत वर काय आणि खालीं काय, सारखेंच. सावलींत ठेविलें तर गारठा. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत ठेविलें तर घटकाभरांत मरण. शिवाय झांकण लाविलेल्या पिंपांतली माती दमट होते, आणि कोरड्या मातींतल्या ह्या जनावराच्या अंगास फोड येतात, छातींत कफ होतो. परदेशांत अजगरांवर जे प्रयोग झाले त्यांत असें दिसलें कीं, मोठें भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत त्यांचें आंतडें व यकृत वाढतें, आणि पचन संपलें कीं पुन्हां आकसतें. म्हणजे उपाशी सापाचें पोट बंद ठेविलेल्या गिरणीसारखें असतें. ती सुरू होण्यास वेळ, ऊब व स्वस्थता हीं तिन्ही लागतात. भ्यालेल्या व गारठलेल्या सापाच्या घशांत कोणीं एकाएकीं पिलूं लोटलें तर गिरणी सुरू न होतां दाणा आंत सडतो इतकेंच.

न खाण्याचीं कारणें निरनिराळीं असतात, आणि त्यांतलें एकहि औषधानें जाणारें नाहीं. मुख्य कारण भय. त्याशिवाय कात टाकावयाची वेळ आली कीं डोळ्यांवर दुधाळ झांक येते, दिसेनासें होतें, व साप आपण होऊन अन्न वर्ज्य करतो. गाभण मादी खात नाहीं. थंडींत खात नाहीं. आणि एरवींहि पूर्ण वाढलेला साप आठ-पंधरा दिवसांतून एकदां खातो. एक-दोन महिन्यांचा उपास त्यास कांहींच नाहीं. बैलानें चार दिवस तोंड लाविलें नाहीं तर डॉक्टर आणावा. सापानें चार आठवडे लाविलें नाहीं तर त्यास हात लावूं नये. आमचे लोक मात्र नेमकें उलट करतात. वजन पाहण्यासाठीं एका दिवसाआड काट्यावर चढवावयाचें. दलालास पाठविण्यासाठीं मोबाईलवर चित्रफीत घ्यावयाची. पाहुणा आला कीं झांकण उघडून दाखवावयाचें. भक्ष्य पोटांत असतांना साप असा हाताळला कीं तें उलटणारच, कारण पळावयाचें तर पोट हलकें करावें हा त्याचा जन्मजात धडा आहे. एका उलटीनें त्याच्या अंगांतलें पाणी जातें, घसा आम्लानें भाजतो; सर्पोद्यानांतले जाणते लोक उलटीनंतर दहा-पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवून मग अगदीं लहान भक्ष्य देतात. पिंपवाले दुसऱ्याच दिवशीं दुसरें पिलूं घेऊन हजर!

जबरीनें चारण्याबद्दल एक गोष्ट ठळकपणें सांगितली पाहिजे. सापाच्या श्वासनलिकेचें तोंड त्याच्या जबड्यांत पुढेंच, जिभेच्या वर उघडतें. नळीनें किंवा पिचकारीनें ओतलेलें दूध, अंड्याचा बलक, काढा जो काय असेल तो, जरा चुकला कीं सरळ फुप्फुसांत उतरतो. चिमट्यानें दांत मोडतात, हिरड्यांस जखम होऊन पू धरतो, आणि मग खावयाची इच्छा झाली तरी तोंड उघडत नाहीं.

दुधाविषयीं तर किती वेळां लिहावें? साप हा पिलांस दूध पाजणारा प्राणी नव्हे. दूध पचविण्याचें साधन त्याच्या पोटांत नाहीं. गारुड्याचा नाग दूध पितो तो आठवडेच्या आठवडे पाण्यावांचून ठेविलेला असतो म्हणून. त्याच्यापुढें जें पातळ येईल तें तो तहानेनें पितो, व मागाहून त्याच दुधानें मरतो. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीसाठीं नाग अगोदर पकडून मडक्यांत ठेवण्याची जी जुनी रीत होती, तिच्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंदी घातली तेव्हां अनेकांस वाईट वाटलें. श्रद्धेची थट्टा करणें आमच्या स्वभावांत नाहीं. आमच्या घरींहि पाटावर गंधानें नाग काढून त्याची पूजा होते, लाह्या वाहिल्या जातात, त्या दिवशीं कोणी नांगर धरीत नाहीं, घरांत कांहीं चिरीत नाहीं. ज्या दिवशीं जमीन खणूं नये असें वाडवडिलांनीं सांगितलें, त्यांतला अर्थ सापास त्याच्या जागीं राहूं द्यावें हाच असला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

आतां वजनाकडे वळूं. मांडुळास लाखों रुपये मिळतात. त्याच्यापासून दुर्धर रोगांवर औषध होतें. तें घरांत असल्यास पैशाचा पाऊस पडतो. तें गुप्तधन दाखवितें: ह्या चार वार्ता गांवोगांव फिरत असतात. एकीसहि आधार नाहीं. ह्या धंद्याची रीत अशी कीं, दलाल येतो, जनावर पाहतो, आणि 'अडीच किलो भरलें पाहिजे, त्याखालीं आमचे शेठ हात लावीत नाहींत,' असें सांगून जातो. दोन-अडीच फुटांचें मांडूळ तें वजन कोठून आणणार? मग चारणें सुरू. मध्यंतरीं तपासणीचा खर्च, शेठच्या मोटारीचा खर्च म्हणून शेतकऱ्याकडूनच पैसे निघतात. जें एक गिऱ्हाईक खरोखरीच दारांत येतें, तें बहुधा पोलिसांनीं किंवा वन खात्यानें पाठविलेलें बनावट गिऱ्हाईक असतें, आणि त्याच्या मागोमाग पंच येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं मांडूळ पकडणें, बाळगणें, विकणें हे सर्व गुन्हे आहेत. दंड आहे आणि कैदहि आहे. उसाचें बिल थकलेलें, सोसायटीचें कर्ज डोक्यावर, मुलीचें लग्न तोंडावर आलेलें, अशा मनुष्यास हा मोह पडतो हें आम्ही जाणतों, व त्यास हिणवण्याची आमची इच्छा नाहीं. खरा अपराधी दलाल आहे. परंतु पंचनाम्यांत पिंप कोणाच्या वस्तींत मिळालें तें लिहिलें जातें, आणि दलालाचा दूरध्वनि त्या दिवसापासून बंद असतो.

गुप्तधनाविषयीं एक शब्द. आमची हयात महसुली कागदांत गेली. मांडुळानें दाखविलेलें धन एकाहि दप्तरांत नोंदलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. आणि समजा, सांपडलें, तरी १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें जें कांहीं जमिनींत पुरलेलें मिळेल, त्याची लेखी वर्दी कलेक्टरास देणें सांपडणाऱ्यास भाग आहे. न दिल्यास त्याचा हिस्सा सरकारजमा होऊन वर शिक्षा. म्हणजे मांडूळ खोटें ठरलें तर वन खात्याचा खटला, आणि खरें ठरलें तर कलेक्टर कचेरीचा!

कोणी म्हणेल, आम्ही त्यास मारीत तर नाहीं, पोसतोंच आहों. आणि शहरांतले हौशी लोक परदेशी अजगर पाळतात त्याचें काय? ते अजगर बहुधा पिंजऱ्यांतच पैदास झालेले असतात, त्यांच्यासाठीं विजेचे दिवे लावून अंशाअंशानें उष्णता राखली जाते, आणि इतकें करूनहि नवा आणलेला अजगर महिना महिना तोंड उघडत नाहीं म्हणून ते हौशी लोक हवालदिल झालेले असतात. शिवाय ज्या परदेशी जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानें निर्बंध आहेत, त्यांची नोंद सरकारांत करण्याचे नियम २०२४ पासून झाले आहेत. त्या हौसेची भलावण आम्हांस करावयाची नाहीं. पण रानांतून उचललेल्या मांडुळास तिचा दाखला लागूं पडत नाहीं.

दाखलाच हवा असेल तर इरुळांचा घ्यावा. तामिळनाडूंत चेन्नईजवळ ह्या जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. नाग, घोणस, मण्यार व फुरसें ह्यांचें विष काढून ती औषध करणाऱ्यांस पुरविते. आमच्याकडे सर्पदंशावर जी लस टोंचतात तिचें मूळ तेथें आहे. पिढ्यानपिढ्या साप हाताळणारे हे लोक. परंतु सरकारी परवान्यानें पकडलेला सापहि ते तीन-चार आठवडेच ठेवितात, त्या अवधींत चार वेळां विष काढतात, आणि त्यास पुन्हां रानांत सोडून देतात. ज्यांच्या हातीं कला आहे ते महिन्याच्या आंत जनावर परत करतात, आणि ज्यांस डोकें-शेपूट ओळखतां येत नाहीं ते सहा महिने ठेवून अडीच किलो करूं पाहतात. डोकें-शेपटाची गोष्ट आम्ही विनोदानें लिहीत नाहीं. घोणशीस अजगराचें पिलूं समजून हात घालणारे लोक आहेत, आणि मांडूळ शोधतांना पाचटांत हात गेला तर तेथें मांडूळच असेल असा कांहीं करार झालेला नसतो.

आणि ह्या सर्व खटाटोपांत शेताचें काय होतें? उंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांत विते, एका वेळीं सहा-आठ पिलें देते, आणि तीं पिलें दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्यास लागतात. मोठा उंदीर दिवसाकांठीं वीस-पंचवीस ग्रॅम धान्य खातो. बिळांत सांठवितो व कुरतडून नासतो तें वेगळें. उसांत तो बुडख्याशीं कांडें पोखरतो व मग तो ऊस वाऱ्यानें आडवा होतो. धामण दिवसा उंदीर वेंचते, मांडूळ रात्रीं; आणि मांडूळ तर बिळांत शिरून पिलेंच उचलतें, जेथें आमचा सांपळाहि पोंचत नाहीं व विषाची गोळीहि टाकतां येत नाहीं. विषाच्या गोळीचे पैसे पडतात, कुत्र्या-मांजरांस ती बाधते. मांडूळ हें काम फुकट करतें. हें जनावर बांधावरून उचलून पिंपांत कोंडावयाचें, आणि तेथें त्यास विकतचें कोंबडीचें पिलूं चिमट्यानें चारावयाचें, ह्या व्यवहाराचा जमाखर्च वाचकांनींच मांडावा.

पृच्छा करणाऱ्या बंधूंस आमचें सांगणें असें. पिंपांत आणखी कांहीं टाकूं नये, दूध काढून घ्यावें, पसरट भांड्यांत थोडें स्वच्छ पाणी ठेवावें, पिंप उन्हांत किंवा गारठ्यांत नसावें, आणि वन विभागाच्या १९२६ ह्या विनामूल्य क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकास त्याच दिवशीं कळवावें. आपण होऊन कळविणें व छाप्यांत सांपडणें यांत फार अंतर आहे. उलट्यांनीं खंगलेलें जनावर आपल्याच हातानें अंधारांत दूर कोठें नेऊन टाकूं नये. परक्या जागीं बीळ ठाऊक नसतां तें घारी-मुंगुसाच्या तोंडीं जाईल. त्यास प्रथम जाणत्यांनीं तपासावें व मग जेथून उचललें तेथेंच त्यास सोडतां यावें, म्हणून जागा खरी सांगावी.

इतरांसाठीं इतकेंच. ऊसतोड चालूं असतां किंवा नांगरटींत मांडूळ वर आलें तर घटकाभर औत थांबवावें, गडीमाणसांस व पोरांस मागें सारावें. तें आपण होऊन पाच-दहा मिनिटांत बांधाच्या मातींत शिरतें. पाचट पेटविण्यापूर्वीं काठीनें आपटून फेरी मारावी; पाचट न पेटवितां सरींतच कुजविल्यास अधिक चांगलें, त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.